तळणीचा कान

त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘दोन प्लेट’ होतो. पुण्याजवळच्या आमच्या सूसच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे ‘अर्धी प्लेट’, त्यांचे स्वतःचे जावई ‘चटणी वेगळी’, आणि तळमजल्यावरच्या एक बाई, ज्या प्रत्येक गोष्टीची आधी चव बघून मग नको म्हणायच्या, त्या ‘नमुना’. तीस वर्षं समोर आलेल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारत आले होते, काय देऊ, आणि उत्तरावरून त्याला कायमचं ओळखत आले होते. पहिल्या भेटीत मी त्यांच्या हातचे पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले. झालं, तेवढ्यावर माझं बारसं उरकलं.

पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माले गावात त्यांची भज्यांची टपरी होती. पत्र्याची शेड, पुढे कढई, मागे एक बाकडं. पुण्याहून धरण बघायला निघालेली माणसं तिथं थांबायची आणि परतताना पुन्हा थांबायची. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी तळलेलं खायचं नाही आणि कढईपाशी उभंही राहायचं नाही असं बजावलं. त्यांची मुलगी, म्हणजे माझ्या समोरच्या दारातली ताई, त्यांना दवाखान्यातून परस्पर सूसला तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली. टपरी धाकट्या मुलाकडे गेली. ताई त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नाना म्हणू लागलो.

मी मूळचा परभणीचा. नोकरी संगणकाची, आणि ऑफिस घरातल्या खुर्चीवर. ताई आणि ‘चटणी वेगळी’ सकाळी नऊला आपापल्या गाडीने कामाला जात. जाताना एक दिवस ताई माझ्या दारात थांबली.

“जरा लक्ष ठेवशील का नानांवर? ते काही मागणार नाहीत. मागितलं तर फक्त तेल मागतील. देऊ नकोस.”

मी हो म्हणालो. माझ्या घरात तसंही अर्ध्या लिटरच्या वर तेल कधी नसायचं.

जावयांनी त्यांच्या करमणुकीसाठी एअर फ्रायर आणला होता. जन्मभर तळलेल्या माणसाला तळायला काहीतरी द्यावं, असा साधा हिशेब. नानांनी त्या यंत्राभोवती एक फेरी मारली, त्याची टोपली ओढून बघितली, परत आत ढकलली आणि कान लावला. आत पंखा घरघरत होता. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “ह्ये मुकं हाय.”

हे नीट कळायला त्यांची तळायची पद्धत माहीत हवी. ते कढईकडे बघत नसत. गिऱ्हाइकाकडे तोंड, कढईकडे पाठ, आणि हातातला झारा बरोबर वेळेला मागे जायचा. बघून तळतो तो शिकाऊ, असं त्यांचं मत होतं. “कच्चं असलं की त्याल कलकलाट करतंय. आतलं पाणी सरत आलं की हळू बोलतंय. गप झालं की काढायचं. त्यात बघायचं काय?” मी म्हटलं, आणि करपलं तर? “करपायच्या आधी एकदा हुंकार देतंय. तुला न्हाई ऐकू यायचा. तू कानात ती बोंडं घालून बसतूस.”

पहिल्या आठवड्यात त्यांनी त्या यंत्रात भजी करून बघितली. डाळीचं पीठ टोपलीच्या भोकांतून खाली गेलं आणि तिथेच वाळलं. ताईने ते रात्री चमच्याने खरवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ घट्ट केलं, तर जी वस्तू तयार झाली ती ‘नमुना’बाईंनीही चव न बघता नाकारली. नाना तीन दिवस यंत्राकडे फिरकले नाहीत. गच्चीवर जाऊन ते पश्चिमेकडचे डोंगर बघत बसायचे. त्या डोंगरांमागे माले आहे, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून त्यांच्याशेजारी बसलो.

“माझं तिकडं काय अडलंय, दोन प्लेट? धाकला करतोय. बरं करतोय. पर त्यो बघून तळतोय.”

त्यांना परत जायचं होतं, एवढंच. सूसला त्यांचं काही वाईट चाललं नव्हतं. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, टीव्ही मोठा. पण संध्याकाळी ताई घरी आली की ते एका कोपऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. कधी सोडणार हे विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं आणि ताईला तो प्रश्न दिसत असूनही ती कुकरकडे वळायची. शेवटी एका रविवारी त्यांनी विचारलंच. ताईने अट घातली, “जाल, पण तेलाच्या कढईपाशी उभं राहायचं नाही. त्या यंत्रावर काय होईल ते करा. एक रविवार तिथे जाऊन दाखवा, मग बघू.”

झालं. पोरं हल्ली भज्यांऐवजी फ्राईजच मागतात, हे नानांना ठाऊक होतं. ते फ्राईजना ‘बोटं’ म्हणायचे. म्हणजे त्यांना त्या मुक्या यंत्रातून गिऱ्हाइकाने पैसे देऊन खावीत अशी कुरकुरीत बोटं काढायची होती. पावसाळ्याची गर्दी सुरू व्हायला दोन महिने होते.

त्या दोन महिन्यांत मी जेवढा बटाटा खाल्ला तेवढा आमच्या अख्ख्या घराण्याने खाल्ला नसेल. रोज चारच्या सुमाराला दारावर थाप पडायची आणि ताटली आत यायची. “खा आणि खरं सांग.” मी खरं सांगायचो. मऊ आहेत. बाहेरून कडक, आतून पोकळ आहेत. काळी पडलीत. काळी का पडली याचा त्यांनी चार दिवस छडा लावला, तेव्हा दोष शीतगृहातल्या बटाट्याचा निघाला. गारठलेला बटाटा गोडसर होतो आणि लवकर करपतो. मग मंचरचा, नुसता गोणीत ठेवलेला जुना बटाटा मिळवायला ते मला दुचाकीवरून तीन बाजार फिरवून आले. दुकानदारासमोर बटाट्यावर नख ओढून ते ऐकत. दुकानदार माझ्याकडे बघत. मी दुसरीकडे बघत असे.

हळूहळू पद्धत बसली. करंगळीएवढ्या जाड कांड्या, सगळ्या सारख्या. गार पाण्यात अर्धा तास. पाणी तीनदा बदलायचं, त्याचा पांढरटपणा गेला पाहिजे. मग मिठाच्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं, फक्त घाबरवण्यापुरती, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यावर पंख्याखाली पसरून पार कोरडी होईपर्यंत वाळवायची. मग डॉक्टरांनी दिवसाला मंजूर केलेलं एक चमचा तेल सगळ्यांना हाताने चोळायचं. टोपलीत गर्दी करायची नाही. “एष्टीत माणसं कोंबली की घाम येतोय. घाम आला की मऊ पडत्यात.” आधी मंद आचेवर दहा मिनिटं, बाहेर काढून गार करायची, मग मोठ्या आचेवर परत. मीठ शेवटी.

याच सुमाराला सोसायटीत धुराची भानगड झाली. टपरीवर पहिल्या घाण्यातलं एक भजं ते नेहमी भट्टीतल्या विस्तवाला द्यायचे. ज्याच्या जिवावर चार घास मिळतात त्याला पहिला घास, ही त्यांच्या आईची शिकवण. एअर फ्रायरमध्ये विस्तव कुठे ते त्यांनी शोधून काढलं. टोपली ओढून वर बघितलं की लाल तार दिसते. त्यांनी बटाट्याचं एक बोट चिमट्याने त्या तारेच्या जाळीत खोचलं आणि टोपली लावली. पाच मिनिटांत जिन्यापर्यंत धूर. वॉचमन वर आला, अध्यक्ष आले. नाना शांतपणे म्हणाले, “अर्धी प्लेट, बसा. विस्तव जेवतुया.”

त्यानंतर ताईने सक्त मनाई केली. मग ते यंत्र चालू करण्याआधी शेजारचा गॅस पेटवायचे, एक कांडी ज्योतीत धरायचे, ती काळी झाली की गॅस बंद करायचे आणि यंत्राचं बटण दाबायचे. ज्याचा मान त्याला, आणि काम दुसऱ्याकडून, असं ते मला डोळा मारून म्हणाले.

यंत्राला वाचा फुटली ती जूनच्या शेवटी. मी मीटिंगमध्ये होतो. दारावर थापा नाही, नाना थेट आत आले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. “दोन प्लेट, चल. बोललं ते.” माझ्या वरिष्ठांनी हिंदीत विचारलं, कौन है. मी सांगितलं, घरचे आहेत.

स्वयंपाकघरात त्यांनी टोपली ओढून काढली, कानापाशी नेली आणि एकदा झटकली. थप, असा ओला आवाज आला. परत लावली. तीन मिनिटांनी काढून झटकली. आता आवाज निराळा होता, सळसळता, शेंगा वाळल्या की टोपलीत जसा येतो तसा. “ह्ये मुकं न्हाई,” ते म्हणाले, “ह्याला हलवल्याबिगर ह्ये बोलत न्हाई. काही माणसं असत्यात तशी.” त्या दिवशीची बोटं मी ताटलीसकट खाल्ली असती. बाहेरून करकरीत आणि आत वाफाळलेला मऊ बटाटा. मी रिकामी ताटली पुन्हा पुढे केली तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले आणि मग सिंककडे तोंड करून बराच वेळ टोपली धूत राहिले.

जुलैतल्या एका रविवारी परीक्षा ठरली. ताईला ऑफिसचं काम निघालं, म्हणून तिने मला साक्षीदार नेमलं. “जे होईल ते मला खरं सांग. त्यांनी कढईला हात लावला तर ते परत इथेच. मला शब्द दे.” मी शब्द दिला. मग नांदे, लवळे करत आम्ही पिरंगुटच्या रस्त्याला लागलो. मी पुढे, नाना मागे, आणि दोघांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेलं यंत्र. कोरड्या केलेल्या कांड्यांचे दोन डबे हँडलला लटकत होते. पौड गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मालेपर्यंत तो काढला नाही.

टपरीवर दहाच्या आत गर्दी लागली. धाकट्याने वायर ओढून दिली होती. नानांनी पेटवलेल्या भट्टीला एक कांडी दिली, यंत्र लावलं आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभे राहिले. कोणी ओळखीचं म्हणालं, नाना, बरंय का आता? त्यांनी मान हलवली. लक्ष सगळं मागे होतं.

वेळ झाली, त्यांनी टोपली झटकली. थप.

परत लावली. पाच मिनिटांनी परत थप. मी वर बघितलं तर शेडमधला दिवा पिवळा, मिणमिणता झाला होता. रविवारची सकाळ. आसपासच्या साऱ्या फार्महाऊसांवर पाहुणे उतरलेले, त्यांचे गिझर आणि पंप एकदम चालू. यंत्राचा पंखा धाप लागल्यासारखा फिरत होता. सूसच्या तिसऱ्या मजल्यावर दोन महिने तालीम करताना मालेच्या व्होल्टेजचा विचार आम्हां दोघांपैकी एकालाही शिवला नव्हता. मी संगणकवाला, आणि ते तर तीस वर्षं त्या पिवळ्या दिव्याखाली उभे राहिलेले.

समोर सहा पोरं भिजलेल्या जॅकेटांत उभी होती. “काका, फ्राईज येतायत ना?” एकाने विचारलं. नाना टोपलीतल्या ओल्या कांड्यांकडे बघत होते. धाकटा हळूच म्हणाला, “नाना, टाका इकडं. म्या तळतो.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. तू बघतोयस ना, एवढंच होतं. मग त्यांनी मुलाला कोपराने बाजूला केलं, टोपली कढईत उपडी केली आणि झारा हातात घेतला.

तेल बोललं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं. आधी मोठा कलकलाट, मग त्यातून हळूहळू एकेक आवाज कमी होत गेला. नानांनी गिऱ्हाइकांकडे तोंड वळवलं, कढईकडे पाठ केली आणि डोळे मिटले. दोन महिन्यांत मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. दवाखान्यातून उचलून आणलेला म्हातारा त्यात नव्हता. कढई गप झाली त्या क्षणी झारा मागे गेला.

दुपारी दोनपर्यंत ते तळत होते. बोटं संपली, मग भजी. शेवटच्या घाण्यातली मूठभर त्यांनी स्वतः खाल्ली, बाकड्यावर बसून, सावकाश. मीही खाल्ली. अडवायचं माझ्या मनातही आलं नाही, हे मी आज कबूल करतो.

परतताना पौड मागे पडलं. मग ते मागून म्हणाले, “तिला काय सांगशील?”

“तुम्हीच सांगा.”

“म्या कशाला? साक्षीदार तू हायेस.”

ताई दारातच उभी होती. मी म्हणालो, सगळं यंत्रावर झालं. छान झालं. कढईकडे फिरकले पण नाहीत. मला खोटं नीट बोलता येत नाही, मी गरजेपेक्षा चार वाक्यं जास्त बोलतो. नाना मान खाली घालून चपला काढत होते. ताईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाली, “बरं.”

पुढच्या शनिवारी तिने त्यांची पिशवी भरली. गोळ्यांचा डबा, मफलर, धोतराचं फडकं. यंत्र त्यांनी नेलं नाही. “तिकडं त्याला उपास घडतोय,” म्हणाले, आणि ते उचलून माझ्या ओट्यावर ठेवून गेले.

मग दर बुधवारी चारला त्यांचा फोन यायचा. “लावलं का?” मी आधीच लावलेलं असायचं. “काढ. फोन जवळ धर. हलव.” मी फोन टोपलीला लावून झटकायचो. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “अजून तीन मिनिटं.” कधी, “काढ लवकर, करपत्यात.” एकदाही चुकले नाहीत. मग ते म्हणायचे, “आता हे ऐक,” आणि आपला फोन कढईवर धरायचे. तो कलकलाट ऐकत मी सूसच्या स्वयंपाकघरात उभा राहायचो. कढई गप झाली की फोन बंद व्हायचा. तब्येतीची चौकशी आम्ही कधी केली नाही.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, दुपारचं गिऱ्हाईक ओसरल्यावर, ते मागच्या बाकड्यावर आडवे झाले आणि उठले नाहीत. धाकट्याने सांगितलं, कढई आधी उतरवून ठेवली होती.

तेराव्यानंतर एका बुधवारी ताई माझ्याकडे आली. चहा झाला. मला ते आता तरी बोलायचंच होतं, म्हणून मी म्हणालो, “ताई, त्या रविवारी मी खोटं बोललो होतो.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“शर्ट मीच धुतला ना त्यांचा, बाहीभर तेलाचे शिंतोडे. दहावीपर्यंत त्याच वासात, त्याच शेडमागे अभ्यास केलाय मी. बटाटे सोलत. मला कळणार नाही?”

मी विचारलं, “मग जाऊ का दिलंत? इथे असते तर...”

“इथे असते तर अजून काही वर्षं जगले असते. कोपऱ्यात बसून, माझ्या तोंडाकडे बघत.” तिने कप खाली ठेवला. “मला ‘जा’ म्हणायचं होतं रे. माझ्याच्याने होत नव्हतं. तू खरं सांगितलं असतंस तर मला नाही म्हणावं लागलं असतं. वाट बघत होते मी दारात, तू काय सांगतोस त्याची.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला त्यांनी कधी प्लेटचं नाव ठेवलं नाही. तुम्हा सगळ्यांना ठेवलं.”

“तुम्ही कधी गिऱ्हाईक नव्हतात.”

ती त्यावर हसली आणि मग रडली. चार वाजत आले होते. कांड्या फडक्यावर वाळलेल्या होत्या, कारण बुधवार होता आणि हाताला सवय होती. मी उठून गॅस पेटवला, एक कांडी ज्योतीत धरली, ती काळी झाल्यावर गॅस बंद केला आणि यंत्र लावलं. दोन्ही वेळा टायमर वाजेपर्यंत आम्ही काहीबाही बोलत होतो.

दुसऱ्यांदा वाजल्यावर ताईने टोपली ओढली, कानापाशी नेली आणि झटकली. आवाज आला. तिने माझ्याकडे बघितलं. “झाली का?”

मला कळलं नाही. तिलाही कळलं नव्हतं. इतके बुधवार मी ती टोपली हलवली होती आणि ऐकायचं काम मात्र दर वेळी त्यांच्यावर सोपवलं होतं. फोन ओट्यावर पालथा पडला होता. तो वाजावा असं मला इतकं वाटलं की मी तिकडे हात नेला.

“अजून तीन मिनिटं,” मी म्हणालो.

ताईने टोपली परत आत लावली, आणि आम्ही दोघं यंत्राकडे पाठ करून उभे राहिलो.